फोर्ड सोडा, चार दारांची प्लिमथ बघा

हॉट रॉड, म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन घालून नव्याने बांधलेली जुनी गाडी, म्हटलं की डोळ्यांसमोर १९३२ ची फोर्ड येते आणि बजेटचा निकाल तिथेच लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर तरुण पोरं ही गाडी पळवायची. ती किरकोळ भावात मिळायची आणि तिच्यात २२१ क्यूबिक इंचांचं व्ही-८ इंजिन होतं, एवढं साधं कारण त्यामागे होतं. आज तिची नवीकोरी पोलादी बॉडी मिळते, नवी चासी मिळते, फक्त स्वस्त काही मिळत नाही. त्या पोरांचाच हिशेब आज लावला तर गाडी वेगळी निघते: ज्या जुन्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही त्यांपैकी एखादी. चार दारांची, बंद पडलेल्या कंपनीची, नाव घेतल्यावर समोरचा ‘ही कुठली?’ असं विचारेल अशी.

अशी गाडी निवडताना आमचा एकच नियम असतो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, ब्रेक आणि वायरिंग तसंही उतरवायचंच असतं, तेव्हा ते चांगलं आहे म्हणून जास्त पैसे मोजायचे नाहीत. पैसे मोजायचे ते आपल्याला बनवता येत नाही आणि कॅटलॉगात मिळत नाही अशा मालासाठी. म्हणजे काचा, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, दारांची हँडलं, दिव्यांच्या कडा, डॅशबोर्डवरचे डायल आणि कागदपत्रं. फोर्डचं बंपर नसेल तर फोनवर ऑर्डर दिली की घरी येतं. नॅशचं ग्रिल नसेल तर स्वॅप मीटच्या, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराच्या, चिखलात वर्षानुवर्षं टेबलं धुंडाळत फिरा. म्हणून फोर्ड अर्धवट घेतली तरी चालते, अनवट गाडी मात्र पूर्ण असलेलीच घ्यायची. गंजलेली पण पूर्ण गाडी आणि चकचकीत पण पट्ट्या गायब असलेली गाडी यांत आम्ही डोळे मिटून पहिली उचलू. पत्रा वेल्ड करता येतो. पट्ट्या, हँडलं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात; त्यांवर फोड आले की क्रोम करणारा एकेका तुकड्याचा जो भाव सांगतो तो ऐकून इंजिन स्वस्त वाटायला लागतं.

आता कुठली गाडी कशात अडकवते ते बघू. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या शेव्हरोले फोर्डपेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसतात आणि नवखा माणूस हरखून जातो. त्यांच्या पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. शेव्हरोलेने तो १९३७ च्या मॉडेलपर्यंत पूर्ण सोडला नव्हता. लाकूड कुजलं की दारं लोंबतात, आणि दाराच्या खांबाचं लाकूड बदलायचं म्हणजे सुतारकाम, डेंटिंग आणि देवाचं नाव, तिन्ही लागतं. छताचंही तसंच. जनरल मोटर्सने १९३५ मध्ये आणि फोर्डने १९३७ मध्ये अखंड पोलादी छप्पर आणलं. त्याआधीच्या सेडानना छताच्या मधोमध कापडी भाग असतो; तो फाटून पाणी आत गेलेलं असलं की तळाचा पत्रा खल्लास.

१९४९ ते ५१ च्या नॅश गाड्यांची किंमत मोहात पाडते. पण त्यांची समोरची काच अखंड आणि वक्र आहे, ती तडकली की प्रकल्प थांबला. वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. आणि पुढची चाकंही मडगार्डच्या आत झाकलेली, त्यामुळे रुंद टायर विसरा. १९४८ ते ५४ च्या ‘स्टेप-डाऊन’ हडसनमध्ये चासीचे दांडे मागच्या चाकांच्या बाहेरून जातात, म्हणजे मागेही रुंद टायरला जागा नाही. हडसन घ्यायची तर तिचं स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिन ठेवण्यासाठीच घ्यावी. हॉर्नेटचं ३०८ क्यूबिक इंचांचं इंजिन उगाच नावाजलेलं नाही. स्टुडबेकर चँपियन त्या मानाने सोयीची. कंपनीने साउथ बेंडमधलं उत्पादन १९६३ च्या डिसेंबरात बंद केलं, पण गोदामांत उरलेला माल इतका होता की अजूनही न वापरलेले मूळ भाग निघतात. ती बघताना १९५० किंवा नंतरची बघा. त्याआधी पुढे आडवा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, होता, १९५० पासून कॉइल स्प्रिंग आले. साठच्या दशकात यायचं असेल तर चार दारांची फोर्ड फाल्कन. मस्टँग तिच्याच हाडांवर उभी राहिल्यामुळे भागांची ददात नाही. सहा सिलिंडरवाल्या फाल्कनच्या चाकांना चारच बोल्ट असतात, व्ही-८ वालीला पाच. त्यामुळे इंजिन बदललं की पुढचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते दांडे), स्प्रिंग, स्टिअरिंगचे दांडे आणि मागचा ॲक्सल, सगळंच बदलायला लागतं. खर्च मांडताना हा आकडा हमखास राहून जातो.

या सगळ्यांत आम्ही नवख्याला डोळे झाकून सुचवतो ती १९४६ ते ४८ ची प्लिमथ, कंपनीच्या भाषेत पी-१५. तिची भावंडं असलेल्या डॉजही चालतात. मुंबईकरांना ही घराणी परकी नाहीत; वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या होत्या. पण खाली सांगितलेले उद्योग अमेरिकेतले आहेत आणि तिथेच करावेत. भारतात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम अशा फेरफाराच्या आड येतं, आणि पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर तिला मूळ रूपातच ठेवावं लागतं. कुर्ल्याची एखादी डॉज सापडलीच तर करवत लांब ठेवा.

प्लिमथ का, तर तिचा सांगाडा त्या काळच्या फोर्डपेक्षा कामाला सोपा आहे. फोर्डने १९४८ पर्यंत पुढे-मागे आडवे पाटे आणि गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा बंद नळीतला शाफ्ट सोडला नाही. ॲक्सल बदलायचा म्हणजे मागचं सगळंच नव्याने रचायचं. प्लिमथला मागे दोन सरळ लांब पाटे आणि उघडा शाफ्ट. पुढे कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन, तेही १९३९ पासून. हायड्रॉलिक ब्रेक तर अगदी पहिल्या, १९२८ च्या गाडीपासून. फोर्डला ते सुचायला १९३९ उजाडलं. समोरची काच दोन सपाट तुकड्यांची, म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला की कुठलाही काचवाला लॅमिनेटेड काचेतून कापून देतो. आणि चाकांचे बोल्ट पाच, साडेचार इंचांच्या वर्तुळावर. हा शेवटचा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

दरांचं म्हणाल तर सध्या चार दारांची, रंग उडालेली पण पूर्ण प्लिमथ साधारण तीन ते सहा हजार डॉलरला दिसते. दोन दारांच्या कूपेला त्याच्या दुप्पट सहज. मिशिगन-ओहायोत रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या गाडीचा तळ मुळात असेलच याची खात्री नाही. डेट्रॉईटच्या आसपास वाहन कंपन्यांत असलेल्या आपल्या मंडळींना घराजवळची गाडी सोयीची वाटते, पण ॲरिझोना, न्यू मेक्सिको किंवा मोंटानातून ट्रेलरवर आणायचा खर्च वेल्डिंगच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा कमीच पडतो. वाळवंटातल्या गाडीची रबरं आणि सीट गेलेली असतील. जाऊ देत.

गाडी बघायला जाताना लोहचुंबक, पातळ फडकं, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, जॅक आणि अंगाखाली घालायला पुठ्ठा एवढं न्यावं. चुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या खालच्या कडेवरून, दारांच्या खालच्या चार इंचांवरून आणि डिकीच्या कडांवरून फिरवायचा. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी. पुट्टी म्हणजे गुन्हा नव्हे, पण ती पाव इंचापेक्षा जाड असेल तर आत पत्रा उरलेला नाही असं धरायचं. मग आडवं होऊन दाराखालची पट्टी आणि बॉडी चासीवर जिथे बसते त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचायच्या. आवाज टणक आला पाहिजे. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर ती जागा खडूने नोंदवायची आणि मालकासमोरच नोंदवायची. भाव आपोआप खाली येतो. शेवटी जॅक दोन दारांमधल्या खांबाखाली, चासीला लावून एक चाक जेमतेम सुटेल इतकी गाडी उचलायची आणि दारं उघडझाप करून बघायची. चार दारांच्या गाडीत दारामागे दार असल्याने खालची पट्टी कमजोर असली की फटी लगेच बदलतात. दार अडकलं तर तळाचं काम मोठं आहे. नॅश, रॅम्बलरसारख्या बिनचासीच्या गाडीत दार अडकलं तर सरळ घरी यायचं.

त्यानंतर कागद. सगळ्यात जास्त प्रकल्प इथे मरतात, आणि हे कुणी आधी सांगत नाही. त्या काळी अनेक राज्यांत मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, इंजिनचा नंबर लिहायची पद्धत होती. प्लिमथचा बॉडीचा अनुक्रमांक ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर छोट्या पट्टीवर असतो. इंजिनचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, डायनॅमोच्या वर, ‘पी १५’ ने सुरू होणारा. दोन्ही नंबर वाचायचे, फोटो काढायचे आणि टायटलशी ताडायचे. टायटलवर इंजिनचा नंबर असेल तर आपण जे इंजिन भंगारात घालणार आहोत तीच गाडीची कायदेशीर ओळख आहे. अशा वेळी आधी राज्याच्या वाहन विभागात जाऊन टायटल बॉडीच्या अनुक्रमांकावर करून घ्यायचं, त्यासाठी लागणारी तपासणी इंजिन जागेवर असतानाच उरकायची, आणि नवीन कागद हातात पडेपर्यंत जुना ब्लॉक हलवायचा नाही. पट्टी गायब आणि टायटलही गायब असेल तर गाडी फुकट मिळाली तरी नको. आणखी एक: कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे, पण दुसऱ्या राज्यांत रस्त्यावर चालण्यायोग्यतेची तपासणी असते. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात असाल तर स्ट्रीट रॉडचे नियम आधी वाचा, मग वेल्डिंग मशीन बाहेर काढा.

गाडी घरी आली की पुष्कळ जण थेट शेव्हरोले एस-१० पिकअपच्या चासीवर बॉडी बसवायच्या मागे लागतात. लांब हौद्याच्या एस-१० चा व्हीलबेस ११७.९ इंच आणि प्लिमथचा ११७, त्यामुळे कागदावर हे लग्न जुळतं. प्रत्यक्षात तळाचा सगळा पत्रा कापावा लागतो, बॉडी उंच बसते, मडगार्डच्या मध्यात चाक आणताना इंचभराची मारामारी होते आणि तपासणी करणारा विचारतो की ही गाडी नेमकी कुठली. प्लिमथची स्वतःची चासी सरळ असेल तर तिला हात लावू नका. पुढचं सस्पेन्शनही राहू द्या. बुश, किंगपिन बदला आणि मूळ स्पिंडलवर बसणारा डिस्क ब्रेकचा संच लावा. मस्टँग-२ च्या धर्तीचं पुढचं सस्पेन्शन कापून बसवणं हा खर्चाचा पुढचा टप्पा आहे, गरजेचा नाही.

सुटे भाग देणारी गाडी मात्र आम्ही ठरलेली निवडतो: १९९७ ते २००१ ची फोर्ड एक्सप्लोरर, ५.० लिटर व्ही-८ वाली. गिअरबॉक्स गेलेली किंवा गंजलेली असेल तर अख्खी गाडी हजार डॉलरच्या आसपास मिळून जाते. तिच्यातून इंजिन निघतं, आणि ८.८ इंचांचा मागचा ॲक्सल निघतो, ३१ स्प्लाइनचा (शाफ्टच्या टोकाला ३१ दाते), डिस्क ब्रेकसकट. त्या ॲक्सलचे चाकाचे बोल्टही पाच आणि साडेचार इंचांवर, म्हणजे प्लिमथचेच. पुढे-मागे एकच रिम चालतात. ॲक्सलच्या मागच्या झाकणावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘३ एल ७३’ असं लिहिलेलं असेल तर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, ३.७३ आणि मधला ‘एल’ म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी. तोच शोधा. ॲक्सल उतरवताना हँडब्रेकच्या केबल कापू नका, पूर्ण सोडवा, आणि शाफ्टचा गोल फ्लँज त्याच्या बोल्टसकट घ्या. बोल्टांची डोकी बारा कोनांची, १२ मिलिमीटरची असतात, साधा षटकोनी पाना लावला की डोकं गोल झालंच म्हणून समजा.

जुना ॲक्सल उतरवणं हा वेगळा कार्यक्रम. प्लिमथच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर बोल्ट सैल होतो. हे माहीत नसलेल्या माणसाने लांब पाइप लावून बोल्ट तोडलेल्या किती गाड्या विकायला येतात बघा. मागचे ड्रम निमुळत्या शाफ्टवर चावीने बसवलेले असतात आणि पाच-सहा दशकं हललेले नसतात. तीन पायांचा साधा पुलर त्यांची फक्त कड वाकवतो. हबच्या बोल्टांवर बसणारा जड पुलर हवा. मधला नट पूर्ण काढायचा नाही, शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात आणि ड्रम सुटला की उडून पायावर येत नाही. पुलर ताणून ठेवायचा, त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक ठोका, आणि रात्रभर सोडून द्यायचं. बरेचदा रात्रीतूनच बंदुकीसारखा आवाज येऊन ड्रम सुटतो. नवा ॲक्सल येणार असला तरी हे करून ठेवावं, कारण ड्रम निघालेला जुना ॲक्सल विकला जातो.

एक्सप्लोररच्या ॲक्सलची रुंदी चाक बसायच्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे साडेएकोणसाठ इंच. आपल्या गाडीची मापं आधीच घ्या: मडगार्डच्या आतल्या कडेपासून पाट्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. जितका टायर त्या जागेत बसतो त्याच्या दोन्ही अंगांना किमान इंच-इंच मोकळं हवं. अडचण अशी की या ॲक्सलचा गोळा, म्हणजे मधला गिअरचा डबा, मध्यावर नाही, उजवीकडे सरकलेला आहे, म्हणून डावी नळी लांब. शाफ्ट थोडा तिरका चालला तरी बिघडत नाही, पण तळातला शाफ्टचा बोगदा अरुंद असेल किंवा ॲक्सल आखूड हवा असेल तर एक जुनी युक्ती आहे: डावी नळी दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच कापायची आणि दुसऱ्या एक्सप्लोररचा उजव्या बाजूचा आखूड शाफ्ट डावीकडे घालायचा. खास शाफ्ट कापून घ्यायला नकोत, गोळा मध्यावर येतो, रुंदी साधारण पावणेसत्तावन इंच होते. नळी परत जोडताना मधून एक सरळ तासलेला दांडा बेअरिंगच्या जागांतून आरपार घातलेला हवा. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने जोडलेला ॲक्सल बेअरिंगचं सील खात राहतो आणि दोष सील बनवणाऱ्याला जातो.

पाट्यांच्या बैठकी कापून नव्या लावताना घाई नडते. गाडी चाकांवर, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर, पुढे माणसाइतकं वजन ठेवून, तेव्हाच कोन मोजायचा. इंजिनचा क्रँक मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलेला असेल तर ॲक्सलचं नाक ३ अंश वर. दोन्ही समांतर, पण एका रेषेत नाहीत. बैठकी आधी वेल्डच्या ठिपक्यांनी नुसत्या टाकून घ्या, मग ॲक्सल काढून पूर्ण वेल्ड करा, आणि तेही एका वेळी इंचभर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, मधे थंड होऊ देत. एका दमात पूर्ण घेर मारला की नळी केळ्यासारखी वाकते. शाफ्टची लांबी मोजताना गिअरबॉक्समधलं योक, म्हणजे शाफ्टचं सरकतं टोक, पूर्ण आत ढकलून मग पाऊण इंच बाहेर ओढायचं आणि तिथून मापायचं.

इंजिनाकडे वळू. फोर्डच्या या इंजिनात डिस्ट्रिब्युटरची जागा पुढे असते, त्यामुळे मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापावी लागत नाही. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ मध्ये तो मागे असतो आणि जुन्या गाडीत तिथेच घोडं अडतं. एक्सप्लोररच्या इंजिनाचा पट्टा-पंपाचा पुढचा भागही मस्टँगपेक्षा आखूड आहे. प्लिमथच्या लांब पण अरुंद बॉनेटखाली डाव्या बाजूला स्टिअरिंगचा डबा असतो आणि डावा मॅनिफोल्ड बरोबर त्यावर येतो. म्हणून इंजिन टांगून सगळ्यात आधी तीच बाजू बघायची, माउंट नंतर वेल्ड करायचे. इंजिन इंचभर उजवीकडे सरकवलं तर चालतं, कंपन्याही तसं करायच्या. ऑइलचं तबक पुढच्या आडव्या दांड्यावर आपटतं; या इंजिनाला पुढे खोल, दुहेरी खोल आणि मागे खोल अशी तिन्ही तबकं निघालेली आहेत, प्लिमथला मागे खोल घ्या.

हेडच्या टोकाला ओतीव खुणा बघा. तीन उभ्या रेघा म्हणजे जीटी-४०, चार म्हणजे जीटी-४०पी. ‘पी’ हेड चांगली आहेत, पण त्यांच्या स्पार्क प्लगचा कोन वेगळा असल्याने साधे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) घेतले की प्लगच्या वायरी नळीवर जळतात. त्या हेडसाठीच बनवलेले किंवा एक्सप्लोररचे मूळ ओतीव मॅनिफोल्ड वापरा.

संगणक काढून कार्ब्युरेटर बसवायचा असेल तर चार गोष्टी ठरलेल्या चुकतात. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नसतो, त्याच्या जागी सेन्सर असतो. नवा डिस्ट्रिब्युटर घालताना त्याचा गिअर पोलादी हवा, कारण कॅम रोलरचा आहे. ओतीव लोखंडी गिअर काही शे मैलांत भुगा होऊन ऑइलमध्ये उतरतो. दुसरी, फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेट आणि पुढचा बॅलन्सर ५० औंसांचा हवा. १९८० पर्यंतच्या ३०२ चा, म्हणजे याच ५.० लिटर इंजिनाच्या जुन्या अवताराचा, २८ औंसांचा भाग बोल्टांना तंतोतंत बसतो, आणि मग इंजिन असं थरथरतं की माउंटवर संशय घेत महिना जातो. तिसरी, सपाट पट्ट्यावरचा पाण्याचा पंप उलटा फिरतो. त्यावर जुन्या धर्तीचा पंखा लावला तर हवा रेडिएटरकडे फेकली जाते. इलेक्ट्रिक पंखा लावून मोकळे व्हा. चौथी, पुढच्या कव्हरवर यांत्रिक फ्युएल पंपाला जागा नाही. टाकीजवळ ५ ते ७ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप बसवा आणि एक्सप्लोररच्याच पुढच्या प्रवाशाच्या पायाजवळचा, धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच काढून त्याच्या वायरीत घाला. ६०० सीएफएमचा चार तोंडांचा कार्ब्युरेटर पुरतो, मोठा घेतला तर तो फक्त जास्त पेट्रोल पितो.

गिअरबॉक्स १९९३ पर्यंतचा एओडी (फोर्डचा चार गिअरचा ऑटोमॅटिक) घेतला तर त्याला संगणक लागत नाही. २८ इंच उंच टायर आणि ३.७३ रेशोला ताशी ६५ मैलांवर थेट गिअरमध्ये इंजिन सुमारे २,९०० फेरे घेतं, एओडीच्या ०.६७ च्या चौथ्या गिअरमध्ये साडेएकोणीसशे. त्याची कार्ब्युरेटरला जोडलेली टीव्ही केबल (थ्रॉटलप्रमाणे गिअरबॉक्समधला दाब ठरवणारी) नीट लावलेली नसेल तर गाडी हलवूसुद्धा नका. आतला दाब कमी राहतो आणि क्लच प्लेटा पहिल्याच फेरीत जळतात.

मूळ गिअरबॉक्स निघाला की प्लिमथचा हँडब्रेकही निघतो, कारण तो गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर होता. एक्सप्लोररच्या केबल जपून ठेवायला सांगितल्या त्या यासाठी. मूळ मास्टर सिलिंडर एका सर्किटचा आणि पायाखाली, चासीला. त्याच जागी दोन सर्किटचा, १ इंच बोअरचा बसवतात. तो चाकांच्या कॅलिपरपेक्षा खाली असल्याने ऑइल मागे ओघळतं, पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि दुसऱ्याला घट्ट लागतं. हवा राहिली समजून लोक लिटरभर ब्रेक ऑइल वाया घालवतात. डिस्कच्या प्रत्येक लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा दाब राखून ऑइल मागे येऊ न देणारा, हवा. एखादीकडे ड्रम ठेवले असतील तर तिथे १० चा. डिस्कला १० चा लावला तर ब्रेक धरूनच राहतात. पेडल आणि पुशरॉडमध्ये सूत-अर्धं सूत मोकळीक ठेवा, नाहीतर गरम झाल्यावर पुढची चाकं हळूहळू आवळत जातात आणि रस्त्यात पाना घेऊन खाली झोपायची पाळी येते. पेडलचं गुणोत्तर बूस्टर नसेल तर साधारण ६ ला १.

विजेचं थोडक्यात. मूळ गाडी ६ व्होल्टची आणि धन टोक चासीला. कापडी वायरी तुकडे न जोडता पूर्ण फेकून द्या आणि १२ सर्किटचं नवं हार्नेस घाला. जुना पेट्रोलचा काटा ठेवायचा असेल तर त्यापुढे व्होल्टेज कमी करणारा छोटा भाग लावा, नाहीतर दिवा लावल्यासारखा धूर निघतो. चासी, इंजिन आणि बॉडी तिघांना वेगवेगळी अर्थची जाड पट्टी. बॉडी रबरांवर बसते हे विसरलं की दिवे मिणमिणतात.

व्ही-८ नकोच असेल तर मूळ सहा सिलिंडरच्या इंजिनावरही हॉट रॉड होते, आणि खरं सांगायचं तर बजेट तुटपुंजं असेल तेव्हा आमचं मत त्यालाच. प्लिमथचं २१७.८ क्यूबिक इंचांचं आणि डॉजचं २३० चं, दोघांचा बोअर सव्वातीन इंच. फरक फक्त स्ट्रोकचा, ४ पूर्णांक तीन अष्टमांश आणि ४ पूर्णांक पाच अष्टमांश. २३० चा क्रँक त्याच्या कनेक्टिंग रॉडसकट प्लिमथच्या ब्लॉकमध्ये बसतो. कॅनडात बनलेल्या प्लिमथमध्ये मात्र लांब ब्लॉक असतो, हेड २५ इंचांचं. भाग मागवताना आधी हेडला टेप लावा. हेड ४० ते ६० हजारांश इंच घासून घेता येतं. दोन कार्ब्युरेटर, दोन भागांत फोडलेला एक्झॉस्ट, आणि पुष्कळ होतं. फक्त पाण्याच्या पंपामागे ब्लॉकमध्ये लांब पत्र्याची नळी असते, मागच्या सिलिंडरांना पाणी पोचवणारी. ती कुजलेली असतेच. काटा नॉर्मल दाखवतो आणि मागचे व्हॉल्व्ह जळतात. रेडिएटर काढून आकड्याने ती पुढून ओढायची. तुकड्यातुकड्याने निघाली तर आत मागे काही उरलं नाही ना हे जुळवून बघायचं.

विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, म्हणजे गाडी गेली तर आधी मान्य केलेला आकडा मिळतो. चार दारांच्या गाडीची बाजारातली किंमत खर्चाच्या खूप खाली असते, आणि साध्या पॉलिसीत कंपनी तीच किंमत धरते. त्यासाठी सुट्या भागांच्या पावत्या आणि तळाचे, वेल्डिंगचे फोटो काम चालू असतानाच काढून ठेवा. रंग चढल्यावर ते काढता येत नाहीत. रस्त्यावर आणल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळायचे, पाचशेला ॲक्सलचं ऑइल बदलायचं. लिमिटेड स्लिप असेल तर त्यात फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक वळणावर मागून कटकट ऐकू येते.